उतरवलेली प्रत्यंचा

आश्विन शुद्ध नवमीची सकाळ आपल्याकडे लोखंडाची असते. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी कौतुकाने पाहत नाही अशी विळी, कोयता, कुदळ, पाने-पकडी, शिंप्याची कात्री, सुताराचा रंधा या दिवशी धुऊनपुसून पाटावर येतात. त्यांना हळदकुंकवाची बोटे लागतात, झेंडूची माळ पडते आणि रोज ज्या हत्याराला आपण राबवतो त्याच्यापुढे एक दिवस हात जोडून उभे राहतो. छापखान्यातली यंत्रे थांबतात, रिक्षाच्या हँडलला आंब्याचा टाळा बांधला जातो, पोलीस मुख्यालयात रायफली ओळीने मांडल्या जातात. जुन्या वाड्यातली तलवार म्यानातून बाहेर येते आणि तिच्या पात्यावर चढलेला वर्षाचा गंज घरातले कुणीतरी वडीलधारे जपून उतरवते. ज्या घरात परवान्याची बंदूक आहे तिथे तीही कपाटातून किंवा माळ्यावरून खाली येते. खंडेनवमी अशीच चालत आली आहे. आजोबा करीत, वडील करीत, म्हणून आपणही करतो. उद्या सीमोल्लंघन करून सोने वाटायचे असते, तेव्हा आजची पूजा चुकवून कसे चालेल?

पण पाटावर मांडलेल्या या सगळ्या मंडळींत बंदुकीची जात वेगळी आहे. विळीवर लक्ष उडाले तर बोट कापते आणि बहुधा ते आपलेच असते. कोयता निसटला तर आपल्याच पायावर येतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र चुकणारा एक असतो आणि भोगणारा पुष्कळदा दुसराच. तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो, मांडवात पंगतीला बसलेला असतो, गच्चीवरून वरात बघत असतो, किंवा काही कागद घेऊन सरकारी टेबलापुढे उभा असतो. त्याचा ना त्या हत्याराशी संबंध, ना ते बाळगणाऱ्याच्या हौसेशी. शस्त्रपूजेच्या दिवशी शस्त्रधारकाचे पराक्रम आपण आठवतो, शस्त्राची धार आठवतो. या दुसऱ्या माणसाची आठवण आपल्या पूजेत कुठे बसते, याचा विचार यंदाच्या नवमीला करावा असे वाटते.

दसऱ्याला शमीचे एवढे महत्त्व का, हे आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. पांडव अज्ञातवासाला निघाले, त्यांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती परत घेतली. गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा शेवटाकडे धाव घेतो, कारण अर्जुनाने गांडीव पुन्हा हाती घेण्यात जो आवेश आहे तो शस्त्रे ठेवण्यात कुठून असणार? पण विराटपर्वाच्या आरंभी हे ठेवणे किती बारकाईने सांगितले आहे ते एकदा सवडीने पाहावे. नगरात शस्त्रांनिशी शिरलो तर लोक घाबरतील, हे युधिष्ठिराच्या मनात आधी येते. मग जागा शोधली जाते. स्मशानाजवळ, वाटेपासून दूर, श्वापदे आणि साप यांच्या वस्तीत उभे असलेले, चढायला अवघड असे शमीचे झाड अर्जुन दाखवतो. त्यानंतर पाचही भाऊ आपापल्या धनुष्याची दोरी उतरवतात. गांडीवाचीसुद्धा. नकुल झाडावर चढतो, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ढोलीसारख्या जागा निवडतो आणि शस्त्रे घट्ट बांधून ठेवतो. एवढ्यावर न थांबता ते एक प्रेत झाडाला टांगतात, म्हणजे दुर्गंधीने कुणी जवळ फिरकणार नाही. आणि वाटेत भेटणाऱ्या गुराख्यांना सांगत जातात की ती आमची एकशे ऐंशी वर्षांची आई आहे, आमच्या कुळाची रीतच अशी.

प्रेताचा भाग जरा भीषण आहे खरा. तरी ज्या क्रमाने हे सारे घडते तो पाहिला की महाभारतकाराला हत्यारे बाळगणाऱ्या माणसांची किती नेमकी ओळख होती, याचे नवल वाटते. लोकांत वावरायचे असेल तर शस्त्र बाजूला काढायचे, ठेवण्याआधी त्याची ताकद उतरवायची, पोरासोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी बांधायचे, पाणीपाऊस लागू द्यायचा नाही, आणि ओळखीपाळखीचा माणूसही तिकडे जाणार नाही अशी व्यवस्था करायची. हे जगातले सर्वश्रेष्ठ धनुर्धर होते. आपल्याला हत्यार उत्तम चालवता येते, तेव्हा आपल्या हातून चूक होणार नाही, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही.

कर्नाटकातल्या कोडगूमध्येही असाच सण आहे. भाताची लावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद येतो. बंदुका देवघरात मांडून त्यांना कळलावीची फुले वाहतात आणि पूजा झाल्यावर मोकळ्या रानात उंचावर टांगलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. शस्त्र बाळगायचे तर त्याला दिवस, जागा आणि रीत हवी, हे अशा सणांमागे असलेले शहाणपण आहे. आपल्याकडच्या नवमीतही ते होते. पूजेचा अर्धा भाग खरे तर देखभालीचाच असे. बंदूक उघडून पाहायची, नळीतून चिंधी फिरवायची, गंज आणि ओल बघायची, तेलाचा हात द्यायचा, जुनी झालेली काडतुसे बाजूला काढायची आणि मग कुंकू लावायचे. कुंकू राहिले, बाकीचे गळाले. त्या जागी आता मोबाइलचा कॅमेरा आला आहे. हार घातलेल्या बंदुकीला खांदा लावून, एक डोळा मिटून काढलेली छायाचित्रे नवमीच्या संध्याकाळपर्यंत शेकडोंच्या फोनवर पोहोचतात. त्यांतल्या किती जणांचे बोट चापावर आहे आणि नळीसमोर छायाचित्र काढणारा उभा आहे, हे मोजण्याचे धाडस न केलेलेच बरे.

बंदुकीच्या अपघाताची बातमी वाचताना एक वाक्य हमखास भेटते. बंदूक रिकामी आहे असे वाटले होते. साफ करताना, दुसऱ्याला दाखवताना, कपाटात ठेवताना, थट्टेने रोखताना, सगळीकडे हेच वाक्य. ते खोटे असते असे नाही. म्हणणाऱ्याला खरोखरच तसे वाटलेले असते. पण पिस्तुलाची रचनाच अशी आहे की वाटण्यावर विसंबून चालत नाही. पिस्तुलाच्या मुठीतून मॅगझिन काढून घेतले की नवख्याला वाटते, गोळ्या गेल्या, आता हे लोखंडाचे खेळणे. प्रत्यक्षात मॅगझिनमधून आधीच वर चढलेली एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, तशीच बसून असते. मॅगझिन बाहेर, गोळी आत, आणि पुष्कळशा पिस्तुलांत अशा स्थितीतही चाप ओढला की बार होतो. त्यातून आधी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून मग मॅगझिन काढणारा मनुष्य तर स्वतःच्या हाताने गोळी आत ढकलतो आणि स्वतःच तिला विसरतो. क्रम चुकला, एवढीच चूक. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरची तऱ्हा आणखी निराळी. त्यात घोडा पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकून राहतो आणि हत्यार नेमके घोड्यावर आपटून पडले तर चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जाणते लोक सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसे भरत आणि घोड्याखालचे घर मोकळे सोडत. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत एकदा दारू आणि छर्रे ठासले की ते उपसून काढणे जिकिरीचे. मग 'उद्या परत राखणीला जायचेच आहे' म्हणत ती भरलेली बंदूक तशीच भिंतीला टेकवून ठेवली जाते, आणि घर झोपते.

डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अलीगढमध्ये जे घडले ते पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याने टिपलेले असल्यामुळे देशभर पाहिले गेले. एक प्रौढ बाई पारपत्राच्या पडताळणीसाठी ठाण्यात आल्या होत्या. टेबलापुढे मुलासोबत शांतपणे उभ्या होत्या. तेवढ्यात आतून आलेल्या एका सहकाऱ्याने समोरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती पिस्तूल दिले, त्याने ते उलटसुलट करून पाहिले, हाताळले, आणि पुढच्या क्षणी बाई कोसळल्या. गोळी डोक्यात लागली होती. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या दृश्यात भांडण नाही, आरडाओरडा नाही, रागाचा लवलेश नाही. आहे ते फक्त सरावाने आलेले दुर्लक्ष. पिस्तूल देणाऱ्याने ते उघडून दाखवले नाही, घेणाऱ्याने उघडून पाहिले नाही, आणि नळी कुणाच्या दिशेने आहे याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. हत्यारे हाताळणे हा ज्यांच्या नोकरीचा भाग, ज्यांना त्याचे शिक्षण मिळालेले, त्यांच्या टेबलावर हे झाले. हौशी माणसाच्या दिवाणखान्यात काय होत असेल?

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, मुंबईत जुहूला अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. घटस्थापनेला तेव्हा दोनच दिवस राहिले होते. प्रवासाला निघण्यापूर्वी रिव्हॉल्वर ठेवत असताना ते हातातून पडले आणि बार झाला, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. ते वाचले, काही दिवसांत घरीही परतले, आणि म्हणूनच त्या घटनेवर आपण विनोद केले. हसण्याचा आपला हक्क कुणी काढून घेऊ नये. पण गोळीने पाय निवडला म्हणून आपल्याला हसता आले, हेही त्याच वेळी लक्षात असू द्यावे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर हॅलिना हचिन्स या छायालेखिकेच्या वाट्याला तेवढे नशीब आले नाही. नटाच्या हाती रिव्हॉल्वर आले तेव्हा ते निर्धोक असल्याचे मोठ्याने जाहीर करण्यात आले होते. आत खोट्या काडतुसांबरोबर एक खरे होते. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी जिच्याकडे होती त्या तरुणीला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची कैद झाली. दुसऱ्याने 'रिकामी आहे' असे सांगितले आणि आपण ते मानले, या एका गोष्टीने जगात किती घरे उजाडली असतील.

आपल्या मुलखात बंदूक बहुतांशी शेताच्या राखणीसाठी आली. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड-आजऱ्याचा पट्टा, गोव्याच्या डोंगराकडचे तालुके, या भागांत पीक संरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ते का आहेत हे तिकडे एक रात्र काढली की कळते. नाचणी-भात हाताशी येते आणि डुकरांचा कळप एका रात्रीत वावर नांगरून टाकतो. गवे उतरले की ऊस आणि केळी राहत नाहीत. वानरांनी तर नारळी-पोफळीवाल्याच्या नाकी नऊ आणले आहेत. त्या शेतकऱ्याला शहरात बसून बंदुकीविरुद्ध व्याख्यान देणे सोपे आहे, आणि आपण ते देऊ नये. त्याची अडचण खरी आहे. निवडणूक लागली की त्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमके तेव्हाच पीक उभे असते, ही त्याची तक्रारही खोटी नाही.

पण याच रानांतून दर काही महिन्यांनी एक बातमी येते. रात्रीच्या वेळी चौघे-पाचजण निघतात, अंधारात पांगतात, समोरचे झुडूप हलते, डुक्कर समजून बार टाकला जातो आणि झुडपामागून माणसाची किंकाळी येते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोर परिसरातल्या जंगलात असेच झाले. शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने रानडुक्कर समजून गोळी झाडली, ती सोबत्याला लागली आणि तो गेला. बाकीच्यांनी घाबरून मृतदेह लपवला. प्रकार उघडकीला यायला काही दिवस लागले. या गोष्टीतला हा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. शिकार बेकायदा, हत्यारे बहुधा बेकायदा, म्हणून सोबत्याला गोळी लागली तरी कुणाला हाक मारण्याची सोय उरत नाही. ज्याच्याबरोबर लहानपणापासून भाकरी खाल्ली त्याच्या घरी जाऊन खरे सांगण्याची हिंमत गावातल्या माणसांना राहत नाही. काडतुसातून एका वेळी सुटणारे छर्रे पसरत जातात, नेम धरलेल्या जागेच्या आजूबाजूलाही लागतात. त्यांतून वाचलेल्या माणसाच्या शरीरात काही छर्रे जन्मभर तसेच राहतात आणि पुढे कधी एक्स-रे काढला तर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. डुक्कर आहे की माणूस, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत बोट चापावर न नेणे, एवढेच ते काय करायचे असते. शिकार अंगात आलेल्या माणसाला तेवढा क्षण फार मोठा वाटतो.

राखणीच्या बंदुकीला निदान निमित्त तरी आहे. आनंदाच्या बाराला काय निमित्त आहे? उत्तरेकडच्या राज्यांत लग्नाच्या वरातीत, मुलगा झाला म्हणून, निवडणूक जिंकली म्हणून हवेत गोळ्या झाडण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिच्यापायी नवरदेव, वाजंत्री, मांडवात नाचणारी मुले मेल्याच्या बातम्या दर लग्नसराईत येतात. उत्तराखंडातल्या एका लग्नात २००७ मध्ये असाच बार झाला. बंदूक छताच्या दिशेने धरली होती. छर्रे आजूबाजूच्यांना लागले आणि दोघे जिवाला मुकले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल देताना स्पष्ट केले की स्वसंरक्षणासाठी किंवा पीक आणि गुरांच्या रक्षणासाठी परवाना मिळालेली बंदूक समारंभात झाडता येत नाही. आपण कुणाला मारायला निघालो नव्हतो, हे आरोपीचे म्हणणे न्यायालयाने एका मर्यादेपर्यंत मान्य केले. त्याला खुनाच्या कलमातून बाहेर काढले, पण माणसांच्या गर्दीत बंदूक झाडली तर काय होऊ शकते हे त्याला ठाऊक असायलाच हवे होते, असे धरून सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. हेतू नव्हता, या सबबीला किती किंमत द्यायची, याचे उत्तर त्या निकालात आहे.

त्याआधी काही महिने, डिसेंबर २०१९ मध्ये, १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली होती. बेफिकिरीने किंवा निष्काळजीपणाने, अथवा समारंभात हर्षोल्हास म्हणून, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने बंदूक वापरणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला गोळी लागलीच पाहिजे असे त्यात नाही. धोका निर्माण केला एवढे पुरे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

'हवेत झाडली, कुणावर थोडीच?' असे म्हणणाऱ्याला एक साधी गोष्ट विचारावी. वर गेलेली गोळी राहते कुठे? ती खाली येते. सरळ वर गेली तर परत येताना तिचा वेग पुष्कळ उतरलेला असतो, तरी कवटी भेदण्याइतका तो उरू शकतो; तिरकी गेली तर वेगही फार उतरत नाही आणि ती कुठल्या वस्तीवर पडेल हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. पोर्तो रिको बेटावर २००४ च्या नववर्षाच्या स्वागताला हवेत झाडलेल्या गोळ्यांनी दोन दिवसांत १९ जण जखमी झाले आणि त्यांतला एक दगावला, अशी नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केली आहे. नववर्ष साजरे करणारे आणि जखमी होणारे वेगवेगळ्या गल्ल्यांतले असणार. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेही नसेल.

महाराष्ट्रात हे होत नाही म्हणून आपण निश्चिंत असावे काय? वरातीतल्या गोळीबाराची प्रथा आपल्याकडे नाही हे खरे; पण तलवारीने वाढदिवसाचा केक कापण्याची प्रथाही पंधरा-वीस वर्षांपूर्वी नव्हती. आता त्या चित्रफितींवरून गुन्हे दाखल होतात आणि पुढच्या आठवड्यात नवी चित्रफीत येते. कमरेला लावलेला गावठी कट्टा मित्रांना दाखवणे, रीलसाठी तो हवेत उडवणे, हे शहरांच्या कडेच्या वस्त्यांत नवलाचे राहिलेले नाही. गावठी कट्ट्याबद्दल तर सांगायलाच नको. पाण्याच्या नळीसारखी नळी, हाताने घडवलेला चाप, कुठल्याही कसोटीला न उतरलेले काडतूस. तो समोरच्याला जितका घातक तितकाच धरणाऱ्यालाही, कारण नळी केव्हा फुटून हातात येईल याची खात्री त्याच्या घडणाऱ्यालाही देता येणार नाही. दिवाळी तोंडावर आली आहे. दुकानांत टिकल्यांची पिस्तुले टांगली जातील आणि मुले ती एकमेकांच्या तोंडावर रोखून चाप ओढतील. त्यात गैर काय, बालपणीचा खेळ तो! आपणही खेळलो. तरी दिवाळी २०२५ मध्ये भोपाळ आणि आसपास मुलांच्या हाती कार्बाइडच्या घरगुती 'बंदुका' आल्या आणि कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, ही गोष्ट पालकांनी खरेदीला निघताना ध्यानात ठेवावी. बार का होत नाही म्हणून नळीत वाकून बघणे, हे मुलाच्या कुतूहलाला अगदी साजेसे आहे, आणि अपघात तिथेच होतो.

हे सगळे वाचून बंदूक म्हणजे अपघातच, असा कुणाचा समज झाला तर त्याने कोल्हापूरला जावे. दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या संध्याकाळी शमीपूजन होते, बंदुकांच्या फैरी झडतात, आणि मग सोने लुटायला गर्दी उसळते. फैरी हुकमावर झडतात आणि हुकमावर थांबतात. पण आपल्याला दाखवायचे आहे ते याच जिल्ह्यातले दुसरे दृश्य. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले. राही सरनोबत, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणले, हे सारे याच मातीतले नेमबाज. बंदुकीशी यांची मैत्री आपल्या कल्पनेपलीकडची. यांच्या हातातली बंदूक आपण कधी नीट पाहतो का? नेमबाजीच्या मैदानावर रायफल पेटीतून निघते तेव्हा तिची कळ उघडी असते आणि चेंबरमध्ये भडक नारिंगी रंगाची, लांब दोरीसारखी एक सुरक्षापट्टी खोचलेली असते. ती आत आहे तोवर गोळी भरताच येत नाही, आणि लांबून पाहणाऱ्यालाही कळते की हत्यार निर्धोक आहे. ती पट्टी केव्हा काढायची हे मैदानावरचा अधिकारी सांगतो. 'लोड' म्हटल्याशिवाय गोळी भरायची नाही, 'स्टॉप' म्हटले की जिथल्या तिथे थांबायचे, 'अनलोड' म्हटले की रिकामी करून पुन्हा पट्टी लावायची, आणि या साऱ्या वेळात नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवायची. कुणी समोर निशाणाजवळ गेले असेल तर रायफलीला हातसुद्धा लावायचा नाही. ऑलिम्पिकचे पदक गळ्यात असले तरी सूट नाही; नियम मोडला तर स्पर्धेतून बाहेर.

ही नारिंगी पट्टी म्हणजे आजच्या काळातली उतरवलेली प्रत्यंचा आहे. शमीच्या झाडाखाली पाच भावांनी जे केले तेच हे खेळाडू रोज सकाळी, रोज संध्याकाळी, कुणी बघत असो वा नसो, करतात. जे उत्तम नेमबाज आहेत त्यांनाच याचे महत्त्व अधिक कळते, आणि ज्यांनी आयुष्यात दहा बार काढले नाहीत ते बंदूक मित्राच्या छातीवर रोखून फोटो काढतात, ही गंमत म्हणावी की दैवदुर्विलास!

आपल्या कायद्याने हा शहाणपणा कागदावर आणलेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते घरात सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. हे प्रशिक्षण किती जण मनापासून घेतात आणि किती जण प्रमाणपत्रापुरते, हे परवानाधारकांनीच आपल्या मनाला विचारावे. नूतनीकरणाच्या वेळी फी भरली, शिक्का पडला, की परवाना ताजा होतो. हात मात्र ताजा होत नाही. वर्षानुवर्षे न उघडलेली बंदूक, तिच्याबरोबर तितकीच जुनी काडतुसे, आणि 'मला येते सगळे' हा विश्वास, या तिघांची गाठ घातक असते. म्हणून यंदाच्या नवमीला पूजा मांडण्यापूर्वी घरातल्या बंदुकीकडे या नजरेने पाहावे. मोकळ्या जागी, ज्या दिशेला कुणीच नाही तिकडे नळी ठेवून ती उघडावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली कुठे आहे हे मुलांना ठाऊक नसावे, आणि ठाऊक असेल तर जागा बदलावी. हे करताना घरातल्या तरुण मुलाला, मुलीलाही, शेजारी उभे करावे. हार घालण्याचा मान त्यांना द्यायचाच असेल तर तपासण्याचे कामही त्यांच्याकडूनच करून घ्यावे. कुणी बंदूक हाती दिली की ती उघडी करूनच घ्यायची आणि उघडी करूनच द्यायची, ही रीत एका पिढीने पाळली तर पुढची पिढी तिला आपोआप परंपरा म्हणेल.

ज्याच्या घरी बंदूक नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती नाहीच, त्याच्याकडेही काम आहे. मांडवात कुणी पाहुणा रंगात येऊन पिस्तूल काढू लागला तर 'आज नको, दादा' म्हणणारा एक तरी माणूस तिथे असला पाहिजे, आणि तो आपण असायला हरकत नाही. त्याचे चित्रीकरण करायला फोन उचलू नये. बार ऐकायला कुणी नसेल तर काढणाऱ्याचा उत्साहही उतरतो.

राहता राहिली ती माळ्यावरची जुनी बंदूक. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या नावाची एक बंदूक गोणपाटात गुंडाळून पडलेली असते. आजोबा गेले, परवान्याची मुदत केव्हाच संपली, वाटण्यांत ती कुणाच्या वाट्याला आली हेही नक्की नाही, पण दरवर्षी नवमीला ती निघते, तिला कुंकू लागते आणि ती पुन्हा वर जाते. ती भरलेली आहे की नाही, हे आज घरात कुणालाच माहीत नसते. अशी बंदूक असेल तर या दसऱ्याला तिचा चाप ओढून बघू नका आणि तिला स्वतः उघडू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार, हत्यार बाळगणे कायदेशीर राहिले नाही की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला ती ठेवायची असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ठाण्यात आधी फोन करा, बंदूक कुठे आणि कशी आहे ते सांगा, आणि ती कशी आणायची हे त्यांनाच विचारा.